बेगमचा एक्सल

काकासाहेबांची मोटार हैदराबादेहून पहिल्यांदा भोकरदनात आली, तेव्हा तिला बघायला अजिंठ्याच्या डोंगरातून दोन वाघ उतरले होते, असं कडूबा मिस्त्री सांगायचा. एक वाघ तिचे पाटीएवढाले दिवे बघून लाजला आणि आल्या वाटेनं परत गेला. दुसरा पेट्रोलच्या वासानं शिंकत शिंकत पार सिल्लोडला पोचला. कोणी विचारलं, "कडूबा, तू तवा जन्मला तरी व्हता का रे?" तर हातातला पाना न थांबवता तो म्हणायचा, "म्या नव्हतो, पण वाघ व्हता ना."

मोटार अडतीस सालची. निजामाचं राज्य गेलं, मोटार राहिली. चालायची हळू, प्यायची भरपूर आणि उठवायला चार माणसं लागायची, म्हणून गावानं तिचं नाव बेगम ठेवलं होतं. काकासाहेब गावातले जुने जमीनदार, पण त्यांना मोटार चालवता येत नव्हती. बेगम चालवायचा रामराव. सव्वीस वर्षं तोच. बॉनेटवर दुधानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून त्यानं जालन्याहून गाडी आणली आणि घरी पोचेस्तोवर दुधावर साय धरली होती. हे मात्र कडूबानं सांगितलेलं नाही, त्यामुळं खरं असायला हरकत नाही.

कडूबाचं दुकान बाजारतळाच्या कडेला, लिंबाखाली. चार पत्रे, एक भट्टी आणि टांगलेल्या पान्यांची रांग. माणूस कामाला पक्का, पण हात चालले की तोंड चालायचंच. बाकीचे गुणगुणतात, हा थापा मारायचा. गावानं त्याचा भाव ठरवून टाकला होता: कडूबाच्या बोलण्यातले बारा आणे तिथंच सोडायचे आणि चार आणे घरी न्यायचे. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. वाघ शिंकला काय, न शिंकला काय!

कडूबाला बुडवलं ते असल्या लांबलचक थापेनं नव्हे. तीन शब्दांच्या, अगदी साध्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या वाक्यानं बुडवलं.

झालं ते असं. बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. आखाजीच्या सणाला काकासाहेब औरंगाबादेला लेकीकडं गेले, बरोबर सामान धरायला रामराव. बेगम ग्रीसिंगसाठी कडूबाच्या दुकानात उभी. आणि नेमकं त्याच दिवशी कडूबाला सासरवाडीचं आमरसाचं आवतन. सासरवाडी राजूरच्या पलीकडं. तिथं त्याचा साडू तातेराव येणार होता आणि तातेरावानं नुकतीच नवी कोरी फटफटी घेतली होती.

साडू हे नातं मोठं नाजूक. भावाचा बंगला माणूस सहन करील, पण साडूची फटफटी? कडूबानं तासभर बेगमकडं बघितलं. मग बायकोला, नंदाबाईला, म्हणाला, "चल, बस."

"कशात?"

"कशात म्हंजे? मोटारीत."

"मालकाला इचारलं का?"

"ग्रीस बसलं का न्हाई ते चालवून पाहावंच लागतं. कामच हाय ते."

सासरवाडीला पोरं गोळा झाली, म्हाताऱ्यांनी बेगमवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तातेराव फटफटीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. "काय पाव्हणं, मोटार कुणाची आणली?"

"कुणाची म्हंजे? घरची!" कडूबा म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं सात वाट्या रस प्यायला.

संध्याकाळी निघताना अख्खी गल्ली वेशीपर्यंत आली. तातेरावही आला. गाडी सडकेला लागली आणि साडू अजून बघतोय की नाही हे बघायला कडूबानं मान मागं वळवली. तातेराव बघत होता. कडूबाला फार बरं वाटलं. एवढ्यात समोरून ठाण्णदिशी आवाज आला.

मैलाचा दगड. दुष्काळी कामावरच्या लोकांनी नुकताच गाडलेला. त्यांनी तो असा गाडला होता की दगड तसूभर हलला नाही, बेगम मात्र अर्धी फिरली.

"दगुड तिथंच व्हता वो," नंदाबाई कपाळ चोळत म्हणाली. "सरकारनं चुना बी लावला व्हता, तुमाला दिसावा म्हनून."

कडूबानं खाली वाकून बघितलं. पुढचा एक्सल, म्हणजे ज्या आडव्या लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना पुढची दोन चाकं असतात तो, डाव्या बाजूला दोन बोटं वाकला होता.

आता वाकलेला एक्सल सरळ कसा करायचा, हे कडूबाला उस्तादानं शिकवलं होतं. जालन्याच्या जुन्या उस्तादाचे शब्द त्याच्या कानात होते: "एक्सल को आग मत दिखाना, बेटा. आग दिखाई तो समझ, गाडी को जहर दिया. ठंडा सीधा करना, सबर से." थंड लोखंड सरळ करायला दाबाचं यंत्र लागतं, ते जालन्याला. जाऊन-येऊन दोन दिवस, आणि दहा माणसं विचारणार, कुणाची गाडी, कशी वाकली. काकासाहेब तर उद्या परत येणार.

दुसऱ्या दिवशी वैशाखाच्या भर दुपारी, सगळा बाजार घोरत असताना, कडूबानं भट्टी पेटवली. एक्सल लालबुंद केला, ऐरणीवर घेतला आणि ठोकून सरळ केला. वरून काळा रंग मारला. दिसायला असा झाला की प्रत्यक्ष उस्तादानं पाठ थोपटली असती. पण तापवून बडवलेल्या लोखंडाचा कस जातो. ते मऊ पडतं, ओझं आलं की पुन्हा वाकड्या वाटेला लागतं. कडूबाला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं रंगाचा दुसरा हात मारला.

पंधरा-वीस दिवसांनी रामराव दुकानावर आला. साठीला टेकलेला, काटकुळा, पांढरी टोपी कधी तिरकी न होणारा माणूस.

"कडूबा, बेगम डावीकडं वढून राह्यली रे. सारखं उजवीकडं धरून ठेवावं लागतं."

"बेगम बराबर हाय, मामा. दोरी लावून पाह्यली म्या, चाकं एका रेषेत हायेत."

"मंग वढते कशी?"

"आता साठी आली. हातच वढत आसन तुमचा!" कडूबा हसून म्हणाला. चेष्टाच केली. रामराव हसला नाही. त्यानं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून पाहिले आणि खिशात घातले.

पुढं ज्येष्ठात हसनाबादच्या वाटेवर बेगममधून वऱ्हाड चाललं होतं. आत नवरदेव, त्याचा मामा, पाच करवल्या आणि बुंदीचे दोन डबे. रस्ता सुतासारखा सरळ. त्या सरळ रस्त्यावर बेगम डावीकडं वळली आणि नांगरलेल्या रानात जाऊन बसली. नवरदेवाचा फेटा बाभळीला लटकला. एका करवलीचा पाय मुरगळला. बुंदी एवढी सांडली की त्या रानातल्या मुंग्या पुढं तीन वर्षं तिखट शोधत हिंडत होत्या. कुणाच्या जिवावर बेतलं नाही एवढंच.

बैल लावून गाडी ओढून आणली. काकासाहेब दुकानात येऊन उभे राहिले, मागं रामराव. कडूबा गाडीखाली आडवा झाला होता. एक्सल त्याच जागी, तसाच, दोन बोटं वाकला होता.

"वाकलाय का?" वरून काकासाहेबांनी विचारलं.

"वाकलाय."

"आधीच वाकला व्हता, का आता?"

गाडीखालून कडूबाला फक्त चार पाय दिसत होते. काकासाहेबांचे करकरीत जोडे, आणि रामरावाच्या वहाणा, चिखलानं भरलेल्या. उजवी वहाण जरा पुढं आली होती. ऐकायला.

"पडली म्हणून वाकला," कडूबा म्हणाला.

वहाण मागं सरली. "मंग हातच गेला म्हणायचा माझा," रामरावाचा आवाज आला. "कडूबा तवाच म्हणला व्हता."

आता थापेतले बारा आणे सोडणाऱ्या गावानं नेमकं हेच वाक्य सोळा आणे घरी नेलं. कारण कडूबा थापाड्या असला तरी लोखंडाबद्दल कधी खोटं बोलत नव्हता. गाडीखालून आलेला त्याचा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द.

पावसाळाभर बेगम लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि रामराव गावात भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. सायकल त्यानं पुतण्याला देऊन टाकली. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचा. डावा डोळा अधू झाला असेल म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगलाय. रामराव घरी येऊन म्हणाला, "डॉक्टर भला माणूस हाय, म्हाताऱ्याला दुखवत न्हाई."

भाद्रपदात एक दिवस तो दुकानावर आला आणि विटेच्या तुकड्यानं जमिनीवर लांब रेघ ओढली.

"म्या ह्या रेघंवरून चालतो. डावीकडं गेलो तर सांग. तुझी नजर पक्की हाय, म्हणून तुझ्याकडं आलो."

रामराव चालला. पाऊल न् पाऊल रेघेवर. टोकाला जाऊन त्यानं मागं वळून विचारलं, "गेलो का?"

तो दोरीसारखा सरळ गेला होता. कडूबानं तोंड उघडलं. आतून वाघ, बुंदी, मुंग्या, काही म्हणून आलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि एक बोल्ट उगाच कानशीनं घासायला घेतला.

"कळलं," रामराव म्हणाला, आणि भिंत धरून गेला.

त्या रात्री ताटावर नंदाबाई बोलली, "खाली काय पाहून राह्यले? भाकर काय गाडीखाली हाय?"

"दसऱ्याच्या आत बेगम उभी कर म्हणलेत काकासाहेब."

"करा मंग. गाडी उभी कराल, मामाला कोन उभं करील?"

काकासाहेबांच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीला अंगणात मोटार उभी करायची, समोर पाटावर त्यांच्या कामावरच्या सगळ्या कारागिरांची हत्यारं मांडायची, आणि गाडी चालवणाऱ्यानं कुंकवानं भरलेला पंजा बॉनेटवर उमटवायचा. ज्याचा पंजा, त्याचं वर्षभर स्टेरिंग. सव्वीस वर्षं तो पंजा रामरावाचा. यंदा काकासाहेबांनी जालन्याहून बद्रीनाथ नावाचा नवा डायव्हर ठरवला होता. सावलीतही काळा चष्मा घालणारा.

कडूबा एक्सल शोधत निघाला. जालन्याचं सगळं भंगार त्यानं पालथं घातलं. तसल्या मोटारी मराठवाड्यात दोनच आलेल्या, दुसरीचा मालक पोलीस ॲक्शननंतर निघून गेला आणि गाडीचे तुकडे चारी दिशांना गेले. एका भंगारवाल्यानं सांगितलं, घनसावंगीच्या अलीकडं एका शाळेत बघ.

शाळा दोन खोल्यांची. दारातल्या चिंचेला बेगमच्या बहिणीचा एक्सल टांगला होता आणि एक पोरगी त्याच्यावर दगड मारून मधल्या सुट्टीचे टोले देत होती. कडूबानं खिशातून दोरी काढली, दोन टोकांना ताणून धरली. केसाचाही फरक नाही. पंचवीस वर्षं टोले खाऊन सरळ!

पुंजाराम गुरुजी बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, हातात खडू. "घंटेला दोरी काहून लावून राह्यले?"

"ही घंटा पायजे मला, गुरुजी. बदल्यात ट्रकच्या कमानीचा पाटा देतो. याच्याहून चांगला वाजतो."

"कशाला पायजे?"

आणि कडूबानं सांगितलं. साडू, आमरस, दगड, भट्टी, वहाण. एकही वाघ न घालता. गुरुजींनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे त्या माणसाला तुमी चार महिने त्याच्याच हाताबद्दल खोटं सांगितलं."

"व्हय."

"घेऊन जा. पण हे तिथं जाऊन बोला, हितं काय उपेग?"

चिंचेखाली कडूबा क्षणभर बसूनच राहिला. अनोळखी माणसानं त्याचा शब्द न् शब्द खरा धरला होता. असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

पुढचे पाच दिवस त्यानं तोंडाला कुलूप घालून काम केलं. गाडी जॅकवर घेतली, चाकं उतरवली, कमानींचे बोल्ट सोडवले. चाकं ज्या जाड खिळ्यांवर डावी-उजवीकडं वळतात ते किंगपिन गंजून आत रुतले होते. घासलेट सोडून दीड दिवस वाट पाहिली तेव्हा कुठं निघाले, आणि निघाले ते उसाच्या चोथ्यासारखे झिजलेले. त्यांच्याभोवतीच्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, तर कानातल्या बाळीएवढे पातळ. जालन्याच्या लेथवरून नवे किंगपिन, नवे बुश करून आणले. हातानं घासून घासून असे बसवले की बोटानं ढकललं तरी चाक वळावं, पण डुलू नये. शाळेचा एक्सल चढवला, दोरी लावून चाकं एका रेषेत आणली. जुना एक्सल कोपऱ्यात उभा केला. त्याच्यावरचा काळा रंग अजून चकाकत होता.

मग हात धुऊन तो काकासाहेबांच्या ओसरीवर गेला आणि सगळं सांगून टाकलं.

काकासाहेब पान लावत होते. चुना लावायचं बोट हवेतच राहिलं. मग ते हसू लागले.

"साडूला दावायला न्हेली व्हती? आन् मैलाच्या दगडाला धडकली? आरं, ह्यात वाघ कुठं राह्यला?"

"खरं सांगून राह्यलो, मालक. शपथ."

"कळतं रे मला. रामरावाची कीव आली तुला. त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला. आजवर तुझ्या लई थापा ऐकल्या, पण इतकी चांगली थाप न्हाई ऐकली." काकासाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी आतून नवा फेटा मागवला आणि नको नको म्हणणाऱ्या कडूबाच्या डोक्याला स्वतःच्या हातानं बांधला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हॉटेलवाल्यानं चहा पाजला. ज्यांनी जन्मात कधी राम-राम घातला नव्हता ते हात जोडू लागले. साक्षीला तातेरावाला आणावं, तर तो देवळात उभा राहून सांगेल की मोटार कडूबाच्या घरची आहे. नंदाबाई म्हणाली, "म्या सांगते सगळ्यांना." आणि मग स्वतःच म्हणाली, "पण म्हनतील, बायको नवऱ्याची री वढून राह्यली."

दिवेलागणीला रामराव आला. त्यानं कडूबाचे दोन्ही हात हातात घेतले. "माझ्यासाठी तू आपलं नाव खराब करून घ्यायला निघाला. सख्खा भाऊ करत न्हाई रे बाबा."

"मामा, खरंच म्या..."

"ऱ्हाऊ दे. माझा हात गेला तो गेला. पण तू हायस, हे कळलं."

तो गेल्यावर कडूबानं फेटा खुंटीला लावला. रात्रभर त्याला वाटत होतं की खुंटीवरून कोणीतरी आपल्याकडं बघतंय.

खंडेनवमीला अंगण शेणानं सारवलेलं, बेगमला झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. पाटावर नांगराचे फाळ, विळे, वाकस आणि त्यांच्यात आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवलेले कडूबाचे पाने आणि हातोडा, हळदीकुंकू लावून, फुलं वाहून. त्या दिवशी हत्याराला विसावा. कारागीर पोटचं पोर आजारी असेल तरी त्या दिवशी हत्यार उचलत नाही. बद्रीनाथनं काळा चष्मा कपाळावर सरकवून पंजा कुंकवाच्या ताटात बुडवला होता. रामराव भिंतीपाशी सगळ्यांच्या मागं उभा होता.

तेवढ्यात खांद्यावर जुना एक्सल घेऊन कडूबा फाटकातून आत आला. धापा टाकत त्यानं तो बेगमपुढं टाकला.

"आली, दुसरी थाप आली!" कोणीतरी म्हणालं. लोक मायेनं हसले.

कडूबानं वर बघितलं नाही. काचेच्या तुकड्यानं त्यानं घरूनच रंग खरवडून आणला होता. खालचं लोखंड निळंकाळं, ठिकठिकाणी दबलेलं. तो पाटाकडं गेला, वाकला आणि हळदीकुंकवाचा हातोडा उचलला.

"आगं बया! आज उचलला!" बायकांत कालवा झाला.

"ठिव! ठिव खाली!" काकासाहेब ओरडले. "येडा झाला का?"

"मालक, आजवरचं सगळं खोटं म्हणा. हे लोखंड आन् हा हातोडा पाहा." त्यानं हातोड्याचं तोंड सगळ्यांना दाखवलं. त्याचा एक कोपरा उडालेला होता. एक्सलवरच्या एका खुणेवर त्यानं ते तोंड ठेवलं. चपखल. दुसऱ्या खुणेवर. चपखल, उडालेल्या कोपऱ्यासकट. तिसऱ्या, चौथ्या. "तापल्याबिगर एवढ्या खुणा उठत न्हाईत. आन् वऱ्हाडानंतर तापवून ठोकला असता तर हा सरळ झाला असता, हा तर अजून वाकडाच हाय. ह्या खुणा वऱ्हाडाच्या आधीच्या. गाडी पडली म्हणून एक्सल वाकला न्हाई. एक्सल वाकला व्हता, म्हणून गाडी पडली."

हसणारे हसायचे थांबले. एवढं बोलणं कोणाला पुरतं कळलं असेल नसेल, पण खंडेनवमीला हत्यार उचललेला कारागीर थाप मारत नाही, एवढं सगळ्यांना कळलं.

रामराव भिंत सोडून पुढं आला. त्यानं कडूबाच्या हातातून हातोडा घेतला आणि खाली बसून एकेका खुणेवर ठेवत गेला. अकरा खुणा. प्रत्येकीवर बोट फिरवलं. शेवटची झाल्यावर हातोडा जमिनीवर ठेवून त्यानं विचारलं, "त्या रेघंवर म्या कसा चाललो व्हतो?"

"सरळ, मामा. एकदम सरळ."

रामराव उठला आणि फाटकातून बाहेर पडला. भिंतीला हात न लावता.

काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "ऊठ," ते कडूबाला म्हणाले. "तो फेटा आणून दे माझा." बद्रीनाथनं कुंकवाचा हात कुठं पुसावा हे न कळून तो तसाच हवेत धरला होता. बॉनेटवर त्या दिवशी कोणाचाच पंजा उमटला नाही. हातोडा पाटावर परत ठेवायला कडूबा गेला तर बायकांनी पाट मागं ओढला. फूल चिकटलेला हातोडा हातात घेऊन तो भर बाजारातून घरी आला. खरं बोललं की छाती हलकी होते म्हणतात. कडूबाच्या छातीवर मात्र आता एक्सल होता, आणि त्यावर रामरावाचं बोट फिरत होतं.

दसऱ्याच्या सकाळी रामराव काकासाहेबांच्या दारात उभा राहिला. टोपी सरळ. "किल्ली द्या, मालक."

काकासाहेबांनी किल्ली दिली. लोक सीमोल्लंघनाला निघायच्या तयारीत होते, तेही थांबले. रामरावानं गाडी चालू केली आणि गर्दीत मागं लपलेल्या कडूबाला म्हणाला, "बस बाजूला."

बेगम अंगणातून सडकेला लागली. आणि लागलीच उजवीकडं सरकू लागली, नालीच्या दिशेनं. रामरावानं कचकन ब्रेक दाबला.

"आता उजवीकडं चालली," तो म्हणाला. "आता बी एक्सलच का रे?"

कडूबाला झटकन कळलं. गाडी डावीकडं ओढते म्हणून हा माणूस महिनोन्‌महिने तिला उजवीकडं धरत होता, आधी रस्त्यावर आणि मग झोपेत, भिंतीच्या कडेनं, चहाच्या बशीत. गाडी सरळ झाली होती. हात अजून भांडत होते. "व्हय मामा, थोडं राह्यलंय, खोलून बघतो," असं म्हटलं असतं तर रामरावाला किती बरं वाटलं असतं! जिभेवर आलंच होतं ते.

"न्हाई, मामा," तो म्हणाला. "गाडी बराबर हाय. हात उजवीकडं जातोय तुमचा. म्या लावलेली सवय हाय ती."

रामरावानं त्याच्याकडं न बघता पुन्हा स्टेरिंग धरलं.

"मंग बोलत ऱ्हाय," तो म्हणाला. "जिकडं जाईल तिकडं सांग. एक शब्द वाकडा बोलला तर हितंच उतरवीन."

बेगम निघाली. "उजवीकडं," कडूबा म्हणाला. "अजून उजवीकडं. आता डावीकडं गेली, लई झालं. उजवीकडं, जरासं." वेस आली. आपट्याची पानं घेऊन लोक वाट बघत होते, रामराव थांबला नाही. हसनाबादची सडक लागली. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आलेली. कडूबाचा घसा कोरडा पडला, तरी तो बोलत होता. रामराव चूक मान्य करायचा, हात सैल करायचा, पुन्हा चुकायचा. त्यानं माफ केल्याचं काही म्हटलं नाही, आणि कडूबाला विचारायची हिंमत नव्हती.

फर्लांगभर गाडी तशीच गेली, मग आणखी थोडी.

"आता?" रामरावानं विचारलं.

"आता सरळ."

"खरं?"

काचेतून वाकून कडूबानं डावं चाक बघितलं, उजवं बघितलं, पुढचा रस्ता बघितला. एक मैलाचा दगड जाऊ दिला, एक बैलगाडी जाऊ दिली. मग म्हणाला, "खरं, मामा. सरळ."